घरटी एक

दिवाळी सरली, थंडीनं ओठ फुटायला लागले की जालन्याच्या रस्त्यांवर कापसाचे टेम्पो दिसायला लागतात. माल इतका ठासलेला की टेम्पो कुठं संपला आणि कापूस कुठं सुरू झाला ते कळत नाही. रस्त्याकडेच्या बाभळी येता-जाता त्यातला घास ओढून घेतात आणि मग हंगामभर काट्यांवर पांढरे पुंजके हलत राहतात. परवा शेजारणीनं गच्चीवरून ते पाहिलं आणि म्हणाली, किती सुंदर दिसतंय ना! मी हो म्हटलं आणि घरात निघून आले. पांढरं म्हणजे सुंदर, पांढरं म्हणजे स्वच्छ, हे सगळं मला कबूल आहे. पण एका हंगामात मी त्या रंगाला इतकी भ्यायले होते की तो दिसला की अजून मी नजर वळवते.

तो हंगाम नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा. आम्ही तेव्हा भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी एकत्र राहत होतो. सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी सुना आत्याबाई म्हणायचो. मोठे दीर, शेती बघणारे. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्का. आमचे हे, गावच्याच शाळेत मास्तर. आणि मी, जालन्यात वाढलेली, नुकती तिशी ओलांडलेली, बारावी पास आणि त्या जोरावर दिसेल त्याला शहाणपण शिकवायला टपलेली. उशिरानं झालेली माझी मुलगी नुकती बोलायला शिकली होती. आक्काची मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर पडली होती. त्या हंगामात आमच्या घरातल्या दोन सुनांपैकी एकीला कॅन्सर होता आणि तपासणी दुसरीची झाली.

कापूस वेचणं हे लांबून बघायला फार गोड काम आहे. जवळ गेलं की कळतं. सुकलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला अशी घुसतात की संध्याकाळी तिखटात हात घातला की प्रत्येक बोट आपापली तक्रार सांगायला लागतं. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधायची, पाठ वाकवायची आणि आपली पात धरून चालायचं. सकाळी दवानं कापूस ओला असतो, वजनाला चांगला भरतो, म्हणून काही शहाणी माणसं पहाटेच रानात शिरतात. आमचे मोठे दीर मात्र दव उतरल्याशिवाय कुणाला पऱ्हाटीला हात लावू देत नसत. त्यामुळं आम्ही सगळ्या बायका बांधावर बसून उन्हाची वाट पाहत असू आणि गावातल्या प्रत्येकाची तिथं यथासांग चौकशी व्हायची.

आक्काची पात माझ्या पातीला लागून असे. तिचे दोन्ही हात एकदम चालत. ती टोकाला पोचायची तेव्हा मी अजून निम्म्यातच असायची, आणि मग ती पलीकडच्या बाजूनं माझ्याच पातीत शिरून वेचत माझ्याकडं येऊ लागायची. "काय गं, बोंडाला पाढे शिकवून राह्यलीस का?" ती ओरडायची. "वेच जल्दी. मास्तरीण झालीस म्हून कापूस काय आपोआप वटीत येनार न्हाई." मी तोंडावर तिला अहो-जाहो करायची, पण मनात ती केव्हाच 'ती' झाली होती. माहेरी मला बहीण नव्हती. त्या वर्षी ती अधूनमधून बांधावर टेकायची आणि म्हणायची, कंबर धरली. वेचणी करणाऱ्या बायकांत कंबर न धरलेली बाई दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. कुणाच्याही मनात काही आलं नाही.

अशाच एका संध्याकाळी अंगणवाडीच्या बाई घरी आल्या. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी सांगितलं की जालन्याहून डॉक्टरीणबाई येणार आहेत, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करणार आहेत, कॅन्सरची, फुकट. तिशीच्या पुढच्या बायकांसाठी. "पन एका दिवसात समद्या व्हायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हून सध्या घरटी एक."

आमच्या गावात घरटी एक म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. विहिरीतला गाळ काढायचा असो, मयताची लाकडं फोडायची असोत, लग्नात पंगत वाढायची असो, घरटी एक माणूस जातो. तो गेला की घर गेलं. घराची हजेरी लागली, घरावरचा बोल टळला. बाईंना बिचाऱ्यांना एवढंच सुचवायचं होतं की आज एक या, बाकीच्या पुढच्या खेपेला. पण 'सध्या' हा शब्द गावानं ऐकलाच नाही. गावानं आपला जुना, ओळखीचा अर्थ घेतला: घरातल्या एकीनं तपासून घेतलं की घर तपासलं गेलं.

मग प्रश्न उरला, कुणी जायचं. तो आत्याबाईंनी चुलीपाशी बसून, लसूण सोलता सोलता सोडवला. "धाकलीला जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिला अजून लेकरं व्हायचीत. तिची पिशवी कामाची हाय. आक्काचं आता काय? तिचं लेकरं बंदचं आप्रेशन होऊन जमाना झाला. तिला कशाला पायजे तपासनी?"

आक्का तव्यावर भाकरी उलटत होती. "बराबर हाय," ती म्हणाली. "अन् म्या गेले तर येचनी कोन करंल? ही? मंग झालाच यंदाचा कापूस." आम्ही तिघीही हसलो. मी तर सगळ्यात जास्त, कारण मला एक दिवस वेचणीतून सुटी मिळणार होती.

आत्याबाईंचा मला नंतर राग आला, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या निर्णयात वाकडं असं काही नव्हतं. एक गोष्ट मिळणार आहे, माणसं दोन आहेत, तर ती कुणाला द्यायची? जिला जास्त उपयोग होईल तिला. मोठमोठी आरोग्य खाती हाच हिशेब करतात, फक्त ते चुलीपाशी बसून करत नाहीत. पिशवी म्हणजे लेकरांची जागा, लेकरं संपली की त्या जागेचं काम संपलं, आणि ज्या जागेला काम नाही तिला आजार कुठून येणार, असं सगळं घर मानत होतं. मी बारावीला शास्त्र घेतलेली. मीही ते ऐकून घेतलं.

तपासणी शाळेत होती. यांच्याच वर्गात. टेबलं जोडून त्यावर चादर टाकली होती, खिडक्यांना साड्या बांधल्या होत्या. मी आडवी झाले तर डोळ्यांसमोर मुळाक्षरांचा तक्ता. अननसापासून यज्ञापर्यंत सगळी अक्षरं मी वाचून काढली, कारण दुसरीकडं कुठं बघायचं ते कळत नव्हतं. उद्या या खोलीत आपला नवरा पोरांना उजळणी म्हणायला लावणार, या विचारानं मला हसू आवरेना, आणि सिस्टर म्हणाल्या, हसू नका, ढिलं सोडा. मग वास आला. धाब्यावर कांद्यावर शिंपडतात तो सिरका. कापसाच्या बोळ्यावर घेऊन आत लावला. थोडं झोंबलं.

"आता मिनिटभर थांबायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरुण होत्या, सर्दीनं नाक लाल झालेलं. हातात बॅटरी धरून त्या सिस्टरांशी चहाबद्दल बोलत होत्या, की या गावात चहात साखर किती घालतात. बोलता बोलता त्यांनी बॅटरी आत मारली आणि वाक्य तिथंच राहिलं. चहाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी तक्त्यावरचं एकच अक्षर धरून बसले होते, आणि ते कुठलं होतं तेही मला दिसत नव्हतं.

"पांढरं दिसतंय," त्या म्हणाल्या. मला नाही, सिस्टरांना.

बाहेर लिंबाखाली त्यांनी मला बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. सिरका लावल्यावर पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. साधी सूज असली, जंतू असले तरी पांढरं दिसतं. ही तपासणी जरा जास्तच आरडाओरडा करते. मी रडायच्या बेतात होते, पण माझा स्वभाव रडतानासुद्धा वाद घालायचा. मी म्हटलं, मग जी बरोबर सांगते ती तपासणी का नाही करत? खेड्यातल्या बायकांना ही स्वस्तातली का?

त्या चिडल्या नाहीत. नाक पुसून म्हणाल्या, "काचेच्या पट्टीवर घेऊन शहरात पाठवायची तपासणी आहे ना. चांगल्या ठिकाणी ती जास्त बरोबर सांगते. पण पट्टी नीट घ्यावी लागते, वाचणारी नजर तयार लागते. नाही तर तीही हातचं सोडते. कागद यायला महिना लागतो. तोवर बाई ऊसतोडीला गेलेली असते नाही तर माहेरी. कागद बरोबर असतो आणि बाई सापडत नाही. मग त्या बरोबर कागदाचं मी काय करू? इथं सिरका, कापूस आणि उजेड एवढंच लागतं, आणि बाई माझ्यासमोर असतानाच उत्तर मिळतं. चुकतं, मी नाही म्हणत नाही. कधी असलेलं दिसत नाही. पण जास्त करून घाबरवण्याच्या बाजूनं चुकतं." मग त्यांनी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बारीक तुकडा काढून तपासून घ्यायला सांगितलं. त्यांचं बोलणं मला पटलं. पटल्यानं भीती कमी झाली नाही.

माझ्या आधी बातमी घरी पोचली होती. गावात पांढरं निघालं एवढंच फिरलं. सूज, जंतू हे शब्द वाटेतच गळाले. दुसऱ्या दिवसापासून एक-दोघी आमच्याकडून ताकाचं भांडं घेताना पदरानं धरू लागल्या. बांधावर मी बसले की शेजारची बाई ओटी सारखी करायच्या निमित्तानं उठायची. रानात बोंडं अशी फुटली होती की दुपारच्या उन्हात डोळे दिपत, आणि मला जिकडं तिकडं डॉक्टरीणबाईंची बॅटरीच दिसत होती. वेचता वेचता मी ओटीतला कापूस उलटापालटा करून बघायची. काय शोधत होते कोण जाणे.

आणि घरात वेगळंच शिजत होतं. तालुक्याला एक डॉक्टर होता, तो पिशवी काढून द्यायचा. त्या वर्षांत आमच्या भागात पिशवी काढणं म्हणजे दुखरी दाढ काढण्याइतकं सोपं होऊन बसलं होतं. पांढरं जातंय, काढा. पोट दुखतंय, काढा. आत्याबाई म्हणाल्या, "उगं औरंगाबादच्या चकरा कशाला? काढून टाकली म्हंजे झंझट न्हाई. जीव तर ऱ्हाईल." लेकरं व्हायचीत म्हणून मला पाठवणाऱ्या त्याच. त्यांना नातवापेक्षा मी हवी होते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं फक्त एवढंच की सगळे मिळून मला कापायला निघालेत. हे गप्प होते. मास्तर माणूस गप्प बसला की वर्गात काय समजायचं ते समजतात, मी समजले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही वाटायला लागलं की काढून टाकावी. दुसरं मूल नको, काही नको, हे पोटातलं भय तेवढं काढून बाहेर फेकावं.

आक्काच आडवी आली. चार माणसांत ती मोठ्या दिरांसमोर कधी मोठ्यानं बोलत नसे, पण त्या दिवशी भाकरीची काटवट बाजूला सारून म्हणाली, "कागद येऊ द्या. कागद यायच्या आधी काय काढायचं न्हाई. गाय खोकली म्हून लगेच तिला बाजार दाखवता का तुमी? म्या नेते तिला औरंगाबादला." आत्याबाई म्हणाल्या, आन् येचनी? तेव्हा मोठे दीर पहिल्यांदा बोलले, "जाऊ द्या त्यांना. कापूस काय पळून चालला न्हाई." खरं तर कापूस पळूनच चालला होता. वारं सुटलं होतं, फुटलेली बोंडं गळून मातीत जात होती, वेचायला बायका मिळत नव्हत्या.

औरंगाबादच्या एसटीत आम्हाला एकच जागा मिळाली. आक्कानं मला बसवलं. मधे तिलाही जागा झाली, तर म्हणाली, "तू पाय लांब कर. म्या उभीच बरी, बसलं की कंबर धरती." निम्मी वाट ती दांड्याला धरून उभी होती आणि खिडकीतून दिसेल त्या रानातल्या कापसाला नावं ठेवत होती. मला वाटलं, माझ्यासाठीच उभी राहिलीय.

तुकडा काढला. आठवड्यानं या म्हणाले. तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट सांगता येत नाही. सुटे सुटे तुकडेच आठवतात. मुलीला न्हाऊ घालताना तिच्या पाठीवरचा तीळ मी रोज बघून ठेवायची. हे शाळेतून आले की माझ्याकडं न बघता माझी तब्येत बघायचे. आत्याबाई देवासमोर बसलेल्या असत आणि मी आत गेले की पदर तोंडाला लावून उठत. आक्का मला ओझं उचलू देत नव्हती, माझी ओटीसुद्धा स्वतःच्या डोक्यावर घेऊन गंजीवर रिकामी करायची. मुलगी रात्री तिच्याच कुशीत झोपायची. त्या दोघींकडं बघून माझ्या जीवाला थोडी उसंत मिळे. मी नसले तरी आक्का आहे, असं मी स्वतःला सांगायची. त्या आठवड्यात मला धरायला तेवढी एकच गोष्ट होती.

कागद घ्यायलाही आक्काच आली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, चष्मा नाकावर घसरलेला. कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "काही नाही. सूज आहे. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी दाखवा." एवढंच. आक्कानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या. "उगंच घाबरवलं माय लेकराला!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मला त्या सिरक्याचा, त्या बॅटरीचा, त्या सर्दीवाल्या डॉक्टरीणबाईंचा इतका संताप आला! एका चुकीच्या पांढऱ्यासाठी माझी पिशवी जाणार होती, अर्ध्या रानाचा कापूस मातीत गेला होता.

कागद परत देताना डॉक्टरीणबाईंनी सहज आक्काकडं बघितलं. "तुमची झाली का तपासणी?"

"झाली की," आक्का म्हणाली. "आमच्या घराची झाली."

"घराची?"

"घरटी एक व्हती. हिनं केली. अन् आता तर हिचं चांगलंच निघालं."

ओळीतली कुणीतरी हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर केला. कंबर दुखते का, पाय भरून येतात का, असं विचारत विचारत म्हणाल्या, "अंगावरून लाल जातं का मधेच?"

आक्कानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग फरशीकडं. "जातं थोडं. पाळी जायचं वयच हाय ना आता."

"कधीपासून?"

"मागच्या येचनीपासून."

मागच्या वेचणीपासून! सबंध वर्ष. त्या वर्षात मी तिच्याबरोबर एका चुलीवर रांधलं, एका विहिरीवर धुणं धुतलं, आणि तिनं मला अवाक्षर कळू दिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई आत चला म्हणाल्या तर आक्का एकदम उठली. "आज न्हाई. गाडी सुटंल आमची. उद्या मोप कापूस हाय येचायला. पुढच्या खेपंला करू." ती गाठोडं उचलायला वाकली. मी ते तिच्या आधी उचललं आणि मांडीवर घट्ट धरून बसले. "गाठोडं देणार नाही," मी म्हटलं. "आधी आत जा." अहो-जाहो कुठं गेलं कुणास ठाऊक. तीही चमकली. मग पदर सावरून पडद्याआड गेली.

सिरका लावायची गरजच पडली नाही. बॅटरीच्या उजेडात नुसतं दिसलं. तुकडा काढला, पुन्हा आठवडा, पुन्हा कागद, पण ते सगळं रीत म्हणून. डॉक्टरीणबाई पडद्याबाहेर आल्या तेव्हाच मला कळलं होतं. गाठोडं माझ्या मांडीवर तसंच होतं आणि त्यातल्या भाकरी आम्ही खाल्ल्या नव्हत्या.

कापून काढायच्या पुढं ते गेलेलं होतं. किरणांचे शेक द्यावे लागले. आक्का त्याला विजेचे शेक म्हणायची. दवाखान्याच्या आवारात एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघी महिनाभराच्या वर राहिलो. आजूबाजूला सगळ्या तशाच बायका. कुणी परतूरकडची, कुणी जांब समर्थच्या बाजूची, आणि जिला विचारावं ती सांगायची, कंबर धरत होती, वय झालं म्हणून जातंय वाटलं. मी एकदा न राहवून डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या दिवशी शाळेत माझ्याऐवजी ही गेली असती तर? त्या म्हणाल्या, "त्या दिवसानं फार फरक पडला नसता. वर्ष-दोन वर्षं आधी कुणी बघितलं असतं तर पडला असता." असं सांगितल्यानं मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. रानातली शेवटची वेचणी त्या वर्षी झालीच नाही. पऱ्हाटीत शेळ्या सोडल्या, असं यांनी सांगितलं तेव्हा आक्का शेकाच्या खोलीबाहेर बसून रडली. आजारावरून ती तोवर रडली नव्हती.

मागच्या वर्षी जालन्यात एका सभागृहात याच विषयावर कार्यक्रम होता. मी गेले. व्यासपीठावरचे तज्ज्ञ चांगलं बोलत होते. म्हणाले, सिरक्याची तपासणी स्वस्त खरी, पण तिच्यात खोट्या धास्त्या फार. विनाकारण बायका शहरात पाठवल्या जातात, मोठ्या दवाखान्यांत गर्दी होते, खर्च वाया जातो, त्यामुळं वरवर दिसते तेवढी ती स्वस्त पडत नाही. सगळं खरं होतं. मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं की हे माझ्याबद्दल बोलताहेत. त्यांच्या हिशेबात मी म्हणजे वाया गेलेला खर्च.

उठून बोलावंसं वाटलं. पण बोलणार काय? घाबरलेल्या प्रत्येक बाईबरोबर एक आजारी जाऊ येईल या भरवशावर कुणी सरकारी योजना आखू शकत नाही, एवढं मलाही कळतं. आम्हाला जे सापडलं ते तपासणीनं सापडलं नाही, ते एका डॉक्टरीणबाईंनी सहज वर बघितल्यानं सापडलं. तरी पण सबंध भाषणभर मला त्या एसटीतली दांड्याला धरून उभी असलेली आक्का दिसत होती. ती त्यांच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. मी चहा न घेता घरी आले आणि दिवसभर विनाकारण सगळ्यांवर खेकसत राहिले.

आक्का वाचली. हे आधीच सांगून टाकायला हवं होतं, पण आम्हाला त्या वर्षी कुणी आधी सांगितलं नव्हतं. दर दाखवायच्या वेळी आमचा जीव पुन्हा टांगणीला लागायचा, डॉक्टरीणबाई पडद्याबाहेर येईपर्यंत आम्ही एकमेकींशी कापसाच्या गोष्टी करत बसायचो. हळूहळू ती भरत गेली. रानात मात्र फार गेली नाही.

पुढच्या वेचणीच्या हंगामात तपासणीची जीप पुन्हा गावात आली. त्याच सर्दीवाल्या डॉक्टरीणबाई, तीच शाळा. अंगणवाडीच्या बाईंनी या खेपेला दारोदार जाऊन समद्यांनी या म्हणून सांगितलं होतं. आमच्या घराची गोष्ट गावाला ठाऊक झाली होती, त्यामुळं ओळ फाटकापर्यंत गेली. मी आक्काला घेऊन गेले होते. ती बसली शाळेच्या भिंतीशी उन्हाला, शाल पांघरून. आणि बघते तर ओळीत सगळ्यांच्या पुढं आत्याबाई. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. साठीच्या कितीतरी पुढं गेलेली बाई, जिनं जन्मात कधी डॉक्टरपुढं हात पुढं केला नव्हता, ती शाळेच्या उंबऱ्यात उभी होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आजी, तुम्ही कशाला आलात? ही तपासणी तुमच्या वयाला नाही करत," त्या गोड बोलल्या. "या वयात ती जागा आत सरकते. पांढरं दिसलं नाही तरी काही नाही असं सांगता येत नाही. उगाच त्रास. आणि बघा ना केवढी ओळ आहे. ज्यांना उपयोग त्यांचं आधी करू. तुमचं आता काय..."

"म्हना की," आत्याबाई म्हणाल्या. "पुरं म्हना."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. आपण काय चुकीचं बोललो ते त्यांना कळेना.

"तुमचं आता काय. हेच म्या म्हनले व्हते बाई." आत्याबाईंनी हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. "हिच्या येळेला. चुलीपाशी बसून. बिलकुल हेच."

भिंतीशी बसलेली आक्का शालीतून हात काढून म्हणाली, "आत्याबाई, चला घरी. ऊन लागंल."

"न्हाई." त्या तिथंच उंबऱ्याच्या कडेला खाली बसल्या. "या समद्यांचं होऊ द्या. मंग येळ ऱ्हायला तर माझं बघा. न्हाई ऱ्हायला तर न्हाई. पन म्या उठनार न्हाई."

मी त्यांना उठवायला पुढं झाले, पण आक्कानं मला हातानं थांबवलं. भिंतीला धरून ती सावकाश उठली, चालत उंबऱ्यापाशी आली आणि आत्याबाईंच्या शेजारी, पलीकडच्या कडेला बसली. मग सिस्टरांनी नाव पुकारलं आणि त्या दोघींच्या मधून वाट काढत एकेक बाई आत जाऊ लागली.